कवळी बसवताना बोलूनही पाहा

कवळी आली की आपण भाकरी चावून पाहतो. पण दातांची उंची बरोबर आहे का, हे बोलण्यातूनही कळते. ‘स’ म्हणताना वरचे-खालचे पुढचे दात अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. मध्ये साधारण १ मिलिमीटर फट राहते. कवळी सैल नसूनही बोलताना दात वाजले, तर उंची जास्त झाली असण्याचा संभव असतो. अमेरिकेतील दंतवैद्य सिल्व्हरमन यांनी १९५३ साली ही कसोटी मांडली.

म्हणून मेणावर दात लावून दाखवतात, तेव्हाच आई-वडिलांना साठ, एकसष्टपासून सहासष्टपर्यंत मोजायला सांगा. खटखट ऐकू आली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. मेणात दात हलवणे सोपे असते. नाहीतर कवळी डबीत राहते आणि घरातले वडीलधारे माणूस चारचौघांत गप्प बसते.