खेळाच्या धंद्याचा श्रीगणेशा

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहरात बेसबॉलचा सामना रंगात येतो आणि पावसाची सर कोसळते. मग तिकीट खिडकीवरची मुलगी, जाहिराती मिळवणारा, हिशेबनीस, पुष्कळदा खुद्द महाव्यवस्थापकही मैदानात धावतो आणि सुमारे १७० फूट लांब-रुंद ताडपत्री सगळे मिळून ओढतात. मायनर लीगमधली नोकरी काय असते, हे समजायला एवढं दृश्य पुरेसं आहे.

मायनर लीग ही बेसबॉलच्या अव्वल मेजर लीगमधल्या ३० संघांची तालीम. प्रत्येक बड्या संघाला चार पायऱ्यांवरचे चार क्लब जोडलेले. २०२१ च्या फेररचनेत चाळीसएक क्लब वगळले गेले आणि १२० उरले. कोण खेळणार हे बडा संघ ठरवतो, खेळाडूंचा पगारही तोच देतो. उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम बुल्सचा बिनीचा फलंदाज टॅम्पा बे रेज या त्यांच्या बड्या संघाने ऐन हंगामात वर बोलावला, तरी बुल्सच्या कार्यालयाला हूं की चूं करता येत नाही. त्यांच्या हाती राहतं ते तिकीट, खाणंपिणं, जाहिरात आणि करमणूक. संघ हरला तरी घरी जाताना लोक खूश असले पाहिजेत. सेंट पॉल सेंट्स या क्लबाने १९९३ पासून पंचाला चेंडू पोचवायला चक्क डुकराचं पिल्लू ठेवलं, ते याचसाठी. पोरं ते पिल्लू पाहायला येतात, आईबाप त्यांच्यामागून.

नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा तिकीटविक्री येते. दिवसभर फोन करायचे, शाळा, चर्च, कंपन्यांच्या सहली गाठायच्या, संध्याकाळी दारात उभं राहून त्याच लोकांचं स्वागत करायचं. सामने मंगळवार ते रविवार, सलग सहा. सर्वांत वरच्या पायरीवर हंगामात १५० सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. पगार मात्र तुटपुंजा. ज्याला घरून पैसे येतात त्यालाच ही उमेदवारी परवडावी, हे मला खटकतं. क्लबांनी सुरुवातीच्या नोकरांना पोटापुरतं दिलंच पाहिजे.

तरीही या शाळेला तोड नाही. बड्या संघात नवख्याला एका टेबलावरचं एकच काम मिळतं. इथे वर्षभरात धंद्याची सगळी अंगं हाताखालून जातात. खेळ व्यवस्थापनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम ओहायो विद्यापीठात १९६६ साली सुरू झाला. त्यामागची कल्पना डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांची होती. आज असे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, पण अनोळखी माणसाला फोनवर तिकीट विकायची हिंमत वर्गात येत नाही.

या शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या आपल्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. हंगाम वसंतात सुरू होतो, पण नोकऱ्यांची जुळवाजुळव डिसेंबरातल्या बेसबॉलवाल्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या सुमारालाच सुरू होते. तेव्हा अर्ज हिवाळ्यातच तयार ठेवा, आणि तिकीटविक्रीच्या जागेला नाक मुरडू नका.