‘व्हिजिटर्स वेलकम’: मंदीत उघडलेल्या फाटकांची गोष्ट



पाट्या म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं. ‘कामाशिवाय आत येऊ नये’, ‘फाटकासमोर गाडी लावू नये’, ‘बेल एकदाच वाजवावी’. अशा वातावरणातून आलेला माणूस आयर्लंडमध्ये गाडी चालवताना गोल्फ क्लबच्या फाटकाशी ‘व्हिजिटर्स वेलकम’ अशी पाटी वाचतो, तेव्हा त्याला आधी शंकाच येते. खरंच आत गेलं तर चालेल? की पाटी आहे आपली नावाला?

चालेल. बहुतेक ठिकाणी फोन करायचा किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, ग्रीन फी म्हणजे एका खेळाचे पैसे भरायचे आणि खेळायचं. सोमवार ते शुक्रवार पाहुण्यांना खेळू देण्याची पद्धत आयर्लंडमधल्या बऱ्याच क्लबांत जुनीच आहे. पण २००८ नंतरच्या मंदीत या पाहुणचाराचा अर्थ बदलला. आधी पाहुणा ही वरकमाई होती, मंदीत ती गरज झाली. हे का झालं आणि त्याचा आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांशी काय संबंध, ते या लेखात बघू. गोल्फ खेळता येत नसेल तरी वाचा. गोष्ट गोल्फची कमी आणि क्लब नावाच्या प्रकरणाची जास्त आहे.

वर्गणीचं गणित

नास हे किल्डेअर काउंटीचं मुख्य गाव, डब्लिनपासून नैऋत्येला साधारण ३० किलोमीटरवर. घोड्यांच्या शर्यतींसाठी हा भाग प्रसिद्ध आहेच, पण गोल्फही भरपूर. नास गोल्फ क्लब १८९६ सालचा. गावाजवळच क्रॅडॉक्सटाउनचा क्लब आहे, आणि थोड्या अंतरावर स्ट्रॅफनला के क्लब, जिथे सप्टेंबर २००६ मध्ये युरोप विरुद्ध अमेरिका रायडर कपचा सामना झाला. संपूर्ण बेटावर चारशेहून जास्त क्लब आहेत. इतक्या छोट्या देशाला हे खूपच झाले.

यातले बरेचसे ‘मेंबर्स क्लब’, म्हणजे सभासदांनीच सभासदांसाठी चालवलेले. मालक कोणी एक नाही. कमिटी असते, वार्षिक सर्वसाधारण सभा असते, तिथे भांडणं असतात. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचं चित्र डोळ्यांसमोर आणा, फारसं चुकणार नाही.

सोसायटीसारखाच इथलाही मुख्य खर्च ठरलेला असतो. गवत कापायचं, हिरवळीला पाणी द्यायचं, यंत्रं दुरुस्त करायची, माळ्यांचे पगार द्यायचे. खेळायला पन्नास जण आले काय किंवा दोनशे आले काय, या खर्चात फार फरक पडत नाही. जेम्स ब्यूकॅनन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये क्लबांवर एक निबंध लिहिला, आणि त्यात नेमका हाच प्रश्न होता: वाटून वापरायच्या गोष्टीसाठी किती माणसं असावीत? माणसं वाढली की प्रत्येकाचा खर्च घटतो, पण गर्दी वाढते. क्लब म्हणजे या दोघांमधला समतोल.

चांगल्या दिवसांत हा समतोल दाराशीच राखला जातो. प्रवेश शुल्क मोठं ठेवायचं, प्रतीक्षा यादी लांबवायची, ओळखीच्या सभासदांची शिफारस मागायची. आयर्लंडच्या तेजीच्या वर्षांत डब्लिनच्या आसपासच्या काही क्लबांचं प्रवेश शुल्क हजारो युरोंच्या घरात गेलं होतं. वार्षिक वर्गणी वेगळीच.

तेजीत पेरलेलं

त्याच वर्षांत नवी मैदानंही भराभर उभी राहिली. हॉटेल बांधलं तर बांधकामाचा खर्च सात वर्षांत करातून वजा करता येत होता. हॉटेलला गिऱ्हाईक हवं, मग शेजारी गोल्फचं मैदान करा. मैदानाला गिऱ्हाईक हवं, मग बाजूला घरं बांधा. कर्ज द्यायला बँका तयारच होत्या. जुने मेंबर्स क्लबही मागे राहिले नाहीत. कित्येकांनी कर्ज काढून नवं क्लब हाउस बांधलं.

सप्टेंबर २००८ च्या अखेरीस सरकारला बँकांची हमी घ्यावी लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपियन युनियन आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. २०१२ च्या सुरुवातीला बेकारी १५ टक्क्यांच्या आसपास होती. घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री कशाला लागते? गोल्फच्या वर्गणीला. शिवाय क्लबात नव्याने यायला हवी होती ती तिशीतली मंडळी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची विमानं पकडत होती.

आता आकडे मांडू

समजा, एका क्लबाचा वर्षाचा खर्च ६ लाख युरो आहे आणि सभासद ६०० आहेत. प्रत्येकी वर्गणी १,००० युरो. मंदीत १०० जण सोडून गेले. खर्च तोच, माणसं ५००. वर्गणी १,२०० करावी लागते. ती वाढली की आणखी ६० जण जातात. मग ४४० जणांवर जवळजवळ १,३६४ युरो येतात. हे असंच चालू राहिलं तर शेवटी फक्त गवत उरेल.

म्हणून कमिटी दुसरा मार्ग काढते. सोमवार ते शुक्रवार मैदान तसंही रिकामंच असतं. बाहेरच्यांना २५ युरोत खेळू द्या. वर्षाला असे ४,००० खेळ झाले तर १ लाख युरो येतील, आणि ५०० सभासदांची वर्गणी पुन्हा १,००० वर. सगळे खूश.

पण थोडं थांबा. वर्गणी १,००० आणि पाहुण्याचा दर २५, म्हणजे वर्षाला ४० वेळा खेळलात तर हिशोब बरोबरीत सुटतो. आयर्लंडच्या पावसात ४० वेळा खेळणारे किती असतील? ३० वेळा खेळणाऱ्या सभासदाला एक खेळ ३३ युरोंना पडतो, आणि फाटकातून आलेल्या अनोळखी माणसाला २५ ला! हुशार सभासद काय करेल? राजीनामा देईल आणि पुढच्या आठवड्यात पाहुणा म्हणून परत येईल.

सगळी मेख इथे आहे. पाहुण्याचा पैसा क्लबाला वाचवतो आणि त्याच वेळी सभासद असण्याचं कारण पोखरतो. दर जितका कमी, तितकं हे पोखरणं जोरात.

त्यात हे सगळ्या क्लबांनी एकदमच केलं. एकट्या क्लबाने दार उघडलं असतं तर फायदा झाला असता; सगळ्यांनी उघडलं तेव्हा दरच घसरले. शिवाय बुडालेल्या बिल्डरांची कर्जं ‘नामा’ या सरकारी संस्थेकडे गेली होती किंवा बँकांनी रिसीव्हर नेमले होते. अशी हॉटेलं आणि मैदानं बंद पडली नाहीत, चालूच राहिली. त्यांना बांधकामाचं कर्ज फेडायची तितकी घाई नव्हती, म्हणून दर पाडणं परवडत होतं. इमानदारीत कर्ज फेडणारा शेजारी मात्र त्यात भरडला जात होता. पीटर बेकन या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्ये हॉटेलांच्या संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि त्यात हेच दुखणं दाखवलं: खोल्या गरजेपेक्षा खूप जास्त आहेत, आणि करसवलत टिकवण्यासाठी तोट्यातली हॉटेलंही चालू ठेवली जातायत. गंमत म्हणजे ‘नामा’ स्थापन करावी ही शिफारसही त्याच वर्षी बेकन यांनीच केली होती.

मग सभासद नेमकं काय विकत घेतो?

जे क्लब टिकले, त्यांना या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं. नुसता खेळ तर २५ युरोत मिळतोय. मग सभासदाला काय द्यायचं? शनिवार-रविवारची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवली. क्लबाच्या स्पर्धा आणि अधिकृत हँडिकॅप त्याला दिला. प्रवेश शुल्क कमी केलं किंवा काढूनच टाकलं, तरुणांसाठी स्वस्त वर्गणी आणली, लांब राहणाऱ्यांसाठी वेगळं सभासदत्व काढलं. बाहेरच्यांसाठी ‘ओपन डे’ वाढवले. ऑफिसातल्या किंवा पबमधल्या दोस्तांच्या टोळ्यांनाही, म्हणजे ज्यांना इथे ‘गोल्फ सोसायटी’ म्हणतात त्यांना, आवर्जून बोलावलं जाऊ लागलं.

आणखी एक गोष्ट फक्त सभासदाकडे असते: मत. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय की एखादी संस्था बिघडू लागली की माणसाकडे दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. पाहुण्याकडे पहिलाच रस्ता आहे. मैदान आवडलं नाही तर तो पुढच्या क्लबात जाईल. सभेत उभा राहून ‘हे चालणार नाही’ म्हणायची सोय त्याला नाही.

हा फरक किती खोल जातो ते डब्लिनच्या उत्तरेला असलेल्या पोर्टमार्नॉक गोल्फ क्लबाच्या खटल्यात दिसलं. तिथे बायकांना ग्रीन फी भरून खेळता येत होतं, पण सभासद होता येत नव्हतं. समानता प्राधिकरणाने क्लबाला कोर्टात खेचलं. २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने क्लबाचा दारू परवाना सात दिवसांसाठी निलंबित केला, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी क्लबाच्या बाजूने निकाल दिला. बायकांना सभासदत्व खुलं करायचा निर्णय क्लबाने अखेर २०२१ मध्ये मतदानाने घेतला. मतदान कोणाचं? अर्थातच तेव्हाच्या सभासदांचं, म्हणजे पुरुषांचं. तोपर्यंत ज्या बायकांनी पैसे भरून तिथे खेळ केला, त्यांचे पैसे क्लबाला चालत होते. मत नव्हतं.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने एका ओळीत उभे आहेत. कोण कुठे सभासद होणार हे कधीकाळी जातीधर्मावरून ठरायचं. पण त्यांच्या हिरवळीवर लग्नाचा मांडव टाकायचा तर भाडं भरणारा कोणीही चालतो. लग्नात जेवून आलो म्हणून आपण काही जिमखान्याचे होत नाही.

दार कोणासाठी बंद होतं?

२०२० मध्ये संकट दुसऱ्या प्रकारचं आलं. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीनंतर १८ मे रोजी आयर्लंडमधली मैदानं उघडली ती फक्त सभासदांसाठी, तेही पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या. पाहुणे बाहेरच. नियम साथीचा होता, त्यात कोणाचा आकस नव्हता. पण पैशांची टंचाई आली तेव्हा पाहुणा आधी आठवला, आणि जागेची टंचाई आली तेव्हा तोच आधी वगळला गेला. पुढे उघड्यावर खेळायच्या या खेळाला मागणी वाढली आणि मंदीत गायब झालेल्या प्रतीक्षा याद्या बऱ्याच क्लबांत परत दिसू लागल्या.

आता तुमच्याकडे येऊ. परदेशात राहणारे आपण बरेच जण ‘व्हिजिटर’ म्हणूनच जगतो. सोय बघतो, पैसे भरतो, वापरतो, पटलं नाही तर पुढे जातो. त्यात चूक काही नाही. घर भाड्याचं असेल आणि व्हिसाची तारीख डोक्यावर असेल तर कोण कशाला सभांना बसेल? पण गोल्फ क्लबांची ही गोष्ट एवढं सांगते की स्वागताच्या पाटीमागे कोणाचा तरी हिशोब असतो, आणि तो हिशोब बदलला की पाटीही बदलते. ती बदलताना खोलीत आपण असायला हवं असेल, तर कधीतरी वर्गणी भरावी लागते. क्लबाची असेल, रहिवासी संघटनेची असेल, मुलांच्या खेळाच्या संघाची असेल. आयर्लंडमध्ये तर स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्वही लागत नाही. इथे राहत असाल आणि यादीत नाव असेल तर पुरे.

तर पुढच्या वेळी नासमधल्या एखाद्या फाटकाशी ती पाटी दिसली की जरूर आत जा. ग्रीन फी भरा, चेंडू हरवा, चहा घ्या. निघताना ऑफिसात सहज विचारा: सभासद व्हायला काय लागतं? उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्या वर्षीची अर्थव्यवस्था कशी आहे ते कळेल.