एका फ्रँकचे अरण्य

आल्प्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे, त्यांवरून घसरणारे हौशी लोक आणि महागडी हॉटेले उभी राहतात. स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, इटलीच्या सरहद्दीलगत, एंगाडीनच्या खोऱ्यात असलेले राष्ट्रीय उद्यान मात्र ह्या चित्रात बसत नाही. तेथे एक दिवस घालविला असता काय दिसते व त्यातून काय घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम पैशाची गोष्ट. १९०९ साली बासेलचे निसर्गशास्त्रज्ञ पाउल साराझिन व त्यांचे सहकारी ह्यांनी निसर्गरक्षणाची एक संस्था काढली. वर्गणी ठेवली वर्षाला एक फ्रँक! ह्या वर्गणीच्या जोरावर त्सेर्नेत्स गावाकडून क्लुओत्साचे खोरे खंडाने घेतले. १ ऑगस्ट १९१४ रोजी उद्यान रीतसर स्थापन झाले. सारा युरोप महायुद्धात लोटला जात होता तो हाच आठवडा. पुढे जमिनीचा खंड सरकारने आणि देखरेखीचा खर्च संस्थेने उचलला. आम्ही उभे आयुष्य वर्गणीच्या पावत्या फाडण्यात घालविले आहे. लहान नाण्याचे बळ आम्हांस कोणी वेगळे सांगावयास नको.

आता दिवसाचा कार्यक्रम. सकाळी त्सेर्नेत्सहून टपालखात्याची पिवळी बस ओफेन खिंडीकडे निघते. वाटेत उतरून पाइनच्या झाडीतून मार्गुनेतच्या २,३२८ मीटर उंचीच्या खिंडीवर चढावे व पलीकडे उतरावे. साधारण तीन तासांची चाल आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण नियम कडक आहेत. पायवाट सोडावयाची नाही. फूल, काटकी, दगड, काही उचलावयाचे नाही. विस्तव नाही, सायकल नाही. कुत्रा साखळीला बांधूनही आणता येत नाही. शिदोरी सोडावयाची ती नेमून दिलेल्या जागीच. उन्मळून पडलेले झाडदेखील तेथेच कुजू देतात.

हे अरण्य आदिकाळापासून असेच आहे असे मात्र कोणी समजू नये. येथे पूर्वी खाणी होत्या, लोखंड वितळविण्याच्या भट्ट्या होत्या. ‘ओफेन’ आणि तेथील ‘इल फुओर्न’ ह्या दोन्ही नावांचा अर्थच मुळी भट्टी! भट्ट्यांसाठी आणि टिरोलमधील हाल येथील मिठागारांसाठी डोंगरच्या डोंगर तोडले गेले. आज जेथे शांतता आहे तेथे एके काळी मजुरांचा घाम गळला आहे.

गेलेले प्राणी हळूहळू परतले. आयबेक्स हा मोठ्या शिंगांचा डोंगरी बोकड १९२० साली येथे पुन्हा सोडण्यात आला. हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडणारे दाढीवाले गिधाड १९९१ ते २००७ ह्या काळात सोडले गेले. तांबडी हरणे मात्र आपल्या पायांनी आली, आणि त्यांनी शास्त्रज्ञांनाही धडा दिला. गुरे बंद झाल्यावर कुरणांवर लवकरच रान माजेल अशी अपेक्षा होती. पण हरणे गवत चरतात, कुरण बऱ्याच अंशी कुरणच राहते, आणि त्यात वनस्पतींच्या जाती उलट वाढतात. १९१७ पासून आखलेल्या तुकड्यांवर हे सारे मोजले जात आहे. हात न लावता पाहत राहणे हेही एक कामच आहे!

शेवटचा प्रश्न आमच्या धंद्यातला: ह्या अरण्याचा मालक कोण? जमीन आजही गावांची आहे. सरकार त्यांना मोबदला देते. उद्यानाचा विस्तार करण्याची योजना निघाली तेव्हा, २००० साली, त्सेर्नेत्सच्या मतदारांनी तिला नकार दिला, आणि योजना थांबली. निसर्गप्रेमी हळहळले असतील. आम्हांस मात्र त्यात उद्यानाची खरी बळकटी दिसते. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, त्याच्याच ‘हो’ला किंमत असते. सुमारे १७० चौरस किलोमीटरांचे हे रान शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले, ते केवळ पहारेकऱ्यांमुळे नव्हे. शेजारच्या गावांनी दिलेल्या शब्दामुळे.