अगस्तीकडे बघताना

कॅमेऱ्याला अंधाराची सवय व्हावी लागत नाही, डोळ्याला व्हावी लागते. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे तर सगळी आखणी या एका फरकावर करावी लागते, आणि माझं निम्मं लक्ष कॅमेऱ्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांवरच असतं.

पोटापाण्यासाठी मी संगमनेरला दागिन्यांचे, कपड्यांचे, खाद्यपदार्थांचे फोटो काढते. स्टुडिओत उजेड माझ्या ताब्यात असतो. भंडारदऱ्याला तसं नाही. फेब्रुवारीतल्या अमावस्येच्या आसपास आम्ही शेंडीहून मुरशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या काठी जागा धरतो. समोर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय, पलीकडे रतनगडाची रांग आणि नाशिकचा उजेड पाठीमागे, उत्तरेला. दक्षिणेची बाजू काळोखी हवी, कारण मला हवा असतो अगस्ती.

अकोले तालुक्यात हे नाव घरचंच आहे. अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तालुक्यातल्या साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी असलेला हा तारा. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री साडेनऊ-दहाला तो दक्षिणेला सर्वांत वर येतो, तरी क्षितिजापासून १८ अंशांपेक्षा उंच जात नाही. शोधायला सोपा: व्याध धरायचा आणि हात लांब करून जवळपास दोन विती सरळ खाली यायचं.

‘ताई, अंगणातला बल्ब घालवू का?’ आम्ही उतरतो त्या घरचे बाबा हल्ली आपणहून विचारतात. बल्ब गेला की पुढचा अर्धा तास मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, पण खरं काम दृष्टिपटलात चालतं आणि ते सावकाश चालतं. दिवसा रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मंद उजेडात निरुपयोगी ठरतात आणि काम दंडपेशींकडे जातं. या पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडाने ते मोडतं, अंधारात पुन्हा तयार होतं, आणि त्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं. या जीवनसत्त्वाची कमतरता असणाऱ्याला आधी रातांधळेपणा का येतो, ते मला या काठावर उभं राहून नीट कळलं. पुरेसं ऱ्होडॉप्सिन साठायला वीस ते तीस मिनिटं जातात. मधेच कोणी मोबाईल उघडला की बरीचशी कमाई जाते. म्हणून टॉर्चला लाल कागद: गडद लाल उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला पटवून द्यावी लागते. फिकट वस्तू बघायची तर तिच्याकडे सरळ बघायचं नाही. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी दंडपेशीच नसतात. व्याधाच्या डावीकडून खाली उतरणारा हिवाळ्यातला आकाशगंगेचा पुसट पट्टा नजर थोडी बाजूला नेली की दिसतो, रोखून पाहिलं की विरतो.

हे सगळं शोधायला मी निघाले ती डोळे चुरचुरायला लागले म्हणून. दिवसभर मॉनिटरसमोर रंग जुळवताना पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, हे डॉक्टरांनी समजावलं. मग वाचत गेले. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा रंग अडवतं, अंधारात बाहुलीही तरुणपणाइतकी उघडत नाही. माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला पांढऱ्या साड्या निळसर वाटू लागल्या होत्या. रंगांवर पोट असलेल्या माणसाने हे गंभीरपणे घ्यायला हवं. तेव्हापासून मी वर्षाला एकदा डोळे तपासून घेते.

आता कॅमेरा. २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र २.८, आयएसओ ३२००, उघडीप वीस सेकंद. त्याहून जास्त ठेवली तर तारे रेघा होतात, कारण आकाश तासाला १५ अंश फिरतं. अगस्ती दक्षिण ध्रुवाकडे कललेला असल्याने त्याचं सरकणं मृगातल्या ताऱ्यांपेक्षा कमी दिसतं. माझा डोळा फार तर सेकंदाच्या दहाव्या भागाचा उजेड एकत्र धरतो, सेन्सर वीस सेकंदांचा साठवतो. म्हणून फोटोतली रंगीत आकाशगंगा खोटी नसते, पण ती कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नसते. एकाच चौकटीचे सोळा फोटो मी घेते आणि नंतर एकावर एक जुळवते. त्यात कण-कण दिसणारा गोंगाट चौथ्या हिश्शावर येतो. दव पडायला लागलं की लेन्सभोवती गरम पट्टी बांधते.

१९६४ साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ यानात याच अगस्तीवर रोखलेला एक संवेदक होता. सूर्याकडे तोंड करून यान स्थिर राहू शकतं, पण स्वतःभोवती किती फिरलं हे कळायला आणखी एक खूण लागते. ती सूर्याच्या वाटेपासून दूर आणि ठळक असावी लागते. अगस्ती या दोन्ही अटींत बसतो. इतक्या लांबच्या कामाला आलेला तारा मुरशेतच्या पाण्यावर दिसतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

खरी ओढाताण घरी येऊन होते. अगस्तीच्या पृष्ठभागाचं तापमान सात हजार केल्विनपेक्षा जास्त, म्हणजे तारा पांढरा. पण १८ अंशांवरून त्याचा उजेड डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने तिपटीहून जास्त हवा पार करून येतो. निळा रंग वाटेत विखुरतो आणि तारा पिवळट दिसतो. संगणकावर एका क्लिकमध्ये तो पांढरा करता येतो. मी दोन प्रती ठेवते. शाळांमध्ये दाखवायला पांढरी, कारण मुलांना ताऱ्याचं तापमान समजावायचं असतं. भिंतीवर लावायला दुसरी, आकाशगंगा फिकट ठेवलेली, अगस्ती पिवळट ठेवलेला. त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या माणसाला जेवढं दिसलं असतं, त्याच्या जवळ जाणारी.