गावाचं नाव आणि आपलं नाव: न्यूरेंबर्गच्या चार दिवसांनी काय शिकवलं



अनंत चतुर्दशी झाली की पेणच्या दुकानदाराला जरा श्वास घ्यायला मिळतो. तीच संधी साधून सप्टेंबरमध्ये मी आणि रोह्याचा माझा मित्र चार दिवस जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला जाऊन आलो. मित्र रोह्यात कडवे वाल आणि तांदळाच्या पिठाचे पदार्थ पॅक करून विकतो. त्याची बहीण तिथे राहते, त्यामुळे राहायचा खर्च वाचला.

उन्हाळा संपत आला होता, दुपारी मस्त ऊन होतं. जुन्या शहरात पावात तीन छोटे सॉसेज घालून देतात, मित्राने तेच घेतलं. त्याच्या बहिणीने सांगितलं, "न्यूरेंबर्गचं सॉसेज म्हणायचं तर लांबी 7 ते 9 सेंटीमीटर, वजन 20 ते 25 ग्रॅम, आणि बनवायचं शहराच्या हद्दीतच." 2003 पासून युरोपात या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. बाहेरच्याने अगदी तसंच बनवलं तरी त्याला हे नाव लावता येत नाही.

लेबकुखेन म्हणजे तिथलं मसाल्याचं गोड बिस्कीट. खरं तर ते नाताळचं, पण सप्टेंबरमध्येच दुकानात लागलेलं होतं. त्यातला 'एलिझेन' हा वरचा प्रकार. त्यात बदाम, अक्रोड वगैरे किमान 25 टक्के आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के असावं लागतं.

हे ऐकताना मला माझीच चूक आठवली. आजवर व्हिडिओत कधी सांगितली नाही. एका सीझनला माल संपला म्हणून मी दुसऱ्या गावाहून पोह्याचे पापड आणले आणि 'पेणचे पापड' म्हणून विकले. मुंबईच्या एका जुन्या ताईंचा फोन आला, "दादा, यंदा पापड कुठून आणलेत?" मी गोलगोल बोललो. त्या पुन्हा आल्या नाहीत. चार पैसे सुटले, पण कायमचं गिऱ्हाईक गेलं.

दुसऱ्या दिवशी आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराचं घर बघितलं. 1509 पासून 1528 मध्ये मरेपर्यंत तो तिथे राहिला. आपल्या चित्रांच्या छापांवर तो 'ए' आणि 'डी' ही अक्षरं टाकायचा. तीच खूण लावून एक परका माणूस नकली छाप विकत होता. 1512 मध्ये नगरपरिषदेने त्याला बजावलं, खूण काढ, नाहीतर माल जप्त होईल. पाचशे वर्षांपूर्वीचा ब्रँडच म्हणा ना!

मग आपण काय करायचं?

1. गावाचं नाव सगळ्यांचं असतं. पेणच्या गणेशमूर्तीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालंय. पण नुसत्या बातमीवर भागत नाही, प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करायला हवी.

2. आपलं नाव आपणच राखायचं. नुसत्या गावाच्या नावावर सहसा ट्रेडमार्क मिळत नाही, स्वतःच्या वेगळ्या नावावर मिळू शकतो. एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी लहान उद्योगाला 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000.

3. स्वतःचा नियम लिहून काढा. पापड किती ग्रॅमचा, पोहे कुठल्या गिरणीचे, मीठ किती. लिहिलेलं असलं की घाईत हात घसरत नाही.

परतीच्या विमानात मित्राने तिकिटाच्या मागे लिहिलं, "वाल रोह्याचे नसतील त्या वर्षी पाकिटावर 'रोहा' छापायचं नाही." मी म्हटलं, "धंदा कमी होईल रे." तो म्हणाला, "एक वर्ष होईल. नाव गेलं तर दरवर्षी होईल."

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक काम करा. आपल्या पाकिटावरचा प्रत्येक शब्द वाचा आणि स्वतःला विचारा, हे खरं आहे ना? नसेल, तर तो शब्द उद्याच काढा. मी माझं लेबल बदललंय. आता बाहेरचा माल आला, तर त्यावर त्याच गावाचं नाव असतं.