आवाज कानात, उत्तर डोळ्यापाशी

हे पान डोळ्यांसमोर धरा आणि मान डावीउजवीकडे भरभर हलवीत वाचून पाहा. अक्षरे बहुधा वाचता येतील. आता मान स्थिर ठेवा आणि पानच तितक्या वेगाने हलवा. अक्षरे पुसट झाली ना? असे का व्हावे?

याचे उत्तर कानात आहे! आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाकृती नलिकेला लागूनच तोल सांभाळणारी पाच इवलीशी इंद्रिये असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची वर्दी देतात. युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. डोके कलले की हे खडे सरकतात आणि त्यांच्याखालच्या पेशींचे केस वाकतात. या साऱ्या वर्दीवरून मेंदू डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम देतो. मान उजवीकडे वळली की डोळे तितकेच डावीकडे वळतात, म्हणून अक्षरे स्थिर दिसतात.

पण एखाद्याला वारंवार चक्कर येऊ लागली, तर या पाचांपैकी कोण बिघडले हे कसे ओळखायचे? ही इंद्रिये कवटीच्या अतिशय टणक हाडात दडलेली असतात. येथे ध्वनी मदतीला येतो.

तोलाचा आणि ध्वनीचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. माशांचा विचार करा. त्यांना शंखाकृती नलिका नसते. खडे असलेल्या पिशव्यांनीच ते ऐकतात. आपल्याही पिशव्यांत हा गुण थोडासा उरला आहे. मोठ्या आवाजाने त्यांतील काही पेशी जाग्या होतात.

१९९४ साली सिडनीच्या कोलबॅच, हालमाग्यी आणि स्कूज यांनी मानेच्या स्नायूवर असा प्रतिसाद मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे २००५ नंतर डोळ्याच्या स्नायूची पाळी आली. या तपासणीत रुग्णाच्या डोळ्यांखाली त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि त्याला वर पाहायला सांगतात. त्यामुळे डोळ्याखालचा तिरका स्नायू ताणला जातो व इलेक्ट्रोडच्या जवळ येतो. मग एका कानात सुमारे ५०० हर्ट्झचे मोठे पण क्षणभराचे आवाज सोडतात. सुमारे एक शतांश सेकंदात विरुद्ध बाजूच्या डोळ्याखाली विजेची बारीक लहर उमटते. ही लहर मुख्यतः युट्रिकलची खबर देते. ती असते अवघी काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट. म्हणून शंभराहून अधिक आवाजांच्या नोंदींची सरासरी काढतात. इतर विद्युत-गोंधळ एकमेकांना खोडून काढतो आणि खरी लहर तेवढी उरते.

ही लहर ऐकण्याशी निगडित नाही, याचा पुरावा काय? ज्याला काहीच ऐकू येत नाही, पण ज्याची तोलाची इंद्रिये शाबूत आहेत, अशा माणसातही ती मिळू शकते!

काही रुग्ण सांगतात, ‘मोठा आवाज झाला की सारे जग हलते. माझे स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज मला ऐकू येतो.’ अशा बोलण्यावर घरच्यांचाही विश्वास बसत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे लॉइड मायनर व त्यांचे सहकारी यांनी याचे कारण दाखवून दिले. वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला भोक पडलेले असते, त्यामुळे ध्वनीचा धक्का भलत्याच वाटेने नलिकेत शिरतो. कबुतराच्या नलिकेला भोक पाडले तर आवाजाने त्याचे डोके व डोळे हलतात, हे इटलीच्या तुल्लिओ यांनी १९२९ सालीच नोंदवले होते. अशा रुग्णाच्या डोळ्याखालची लहर नेहमीपेक्षा फार मोठी येते. मग सीटी स्कॅनने खात्री करून घेतात. त्रास फार असेल, तर शस्त्रक्रियेने नलिका बुजवता येते.

कानाशी मोठे आवाज करून हा प्रयोग घरी मात्र करू नका. त्याने कानाला इजा होते. आणि कोणी म्हणाले, ‘आवाजाने मला गरगरते’, तर हसू नका. कदाचित त्याच्या कानातील हाडाला खरोखरच भोक असेल, आणि त्याची साक्ष त्याचा डोळाच देईल!