जाम झालेला बोल्ट कसा सोडवायचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा माणसं बाहेर काढायला इंजिनाच्या बोटीच कामी आल्या. तापोळा-बामणोलीच्या बोटी कोयनेच्या शिवसागर जलाशयात चालत्या असतात. पुरासाठी ठेवलेल्या बोटी मात्र महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि इंजिनाचा पाण्यात राहणारा खालचा भाग, म्हणजे गिअर आणि पंखा, जाम होतो तो अशाच बोटींचा.

गिअरचं आवरण ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. ओल राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. अशा वेळी पान्ह्याला पाइप लावून जोर काढू नये, बोल्टचं डोकंच तुटतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यावं, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. तरीही हलला नाही तर पेट्रोलची टाकी लांब नेऊन हॉट एअर गनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवावं; ते स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बोल्ट जरा सुटला की किंचित परत आवळावा, पुन्हा सोडावा. एका दमात ओढला तर भुकटीनेच आटे जातात.

पंखा शाफ्टवर जाम झाला असेल, तर त्याच्या मधल्या रबरी बुशला ज्योत लावू नये. पंख्याला हात घालण्याआधी स्पार्क प्लगच्या वायरी काढाव्यात. जोडताना शाफ्टला आणि बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावावं, आणि हे सगळं पावसाळ्याआधी, मे महिन्यातच करावं.